बॅप्टिस्टकाकांच्या फळ्या

मार्सेल गिटारीच्या पाठीवर पॉलिशचा शेवटचा हात फिरवत होता, तेवढ्यात शेजारची कार्मिन धापा टाकत त्याच्या पंपाच्या खोलीत शिरली. पायात घरातली चप्पल होती आणि हातात झारा तसाच राहिला होता.

"मार्सेलदादा, त्या फळ्या परत द्या."

"कुठल्या फळ्या?"

"माळ्यावरच्या. पावसाच्या आधी मी तुम्हाला दिलेल्या, त्या."

मार्सेलने अभिमानाने गिटार उचलून तिच्यासमोर धरली. "ही घे. बघ काय सोनं झालंय तुझ्या फळ्यांचं!"

कार्मिनने गिटारीकडे पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसली. "अरे देवा! दादा, ती सासऱ्यांची पेटी होती."

"पेटी कुठे होती? नुसत्या फळ्या तर होत्या."

"शवपेटी, दादा! त्यांच्या मयतासाठी राखून ठेवल्या होत्या त्या फळ्या. आनि आज ते हॉस्पिटलातून घरी आले, आनि दारात पाय ठेवल्या ठेवल्या म्हनाले, माळ्यावरच्या फळ्या खाली काढा आनि मार्सेलला बोलवा!"

मार्सेलच्या हातातलं फडकं गळून पडलं. गिटार पडली नाही, कारण ती त्याने छातीशी घट्ट धरली होती.

हे सगळं मार्सेलच्या नादापायी झालं होतं. टेलिफोन खात्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर नंदाखाल गावातले बाकीचे लोक केळी बघतात, चर्चच्या कमिट्यांवर जातात, नाहीतर मुलांच्या संसारात लक्ष घालतात. मार्सेलने विहिरीशेजारची पंपाची खोली रिकामी केली आणि तिथे गिटारी बनवायला घेतल्या. बरं, बनवायच्या तर चारचौघांसारख्या बनवाव्यात, परदेशी लाकूड मागवावं. तर तेही नाही. त्याचं म्हणणं असं, की वीणा फणसाची चालते, मृदंग फणसाचा चालतो, मग गिटारीनेच कुणाचं घोडं मारलंय? आपल्या मातीतल्या झाडाची गिटार आपल्या मातीतलं बोलेल. बोलणं ऐकायला छान होतं. पण त्याने भेंडीच्या झाडाची गिटार केली, ती वाजायच्या ऐवजी खोकायची. चिंचेची केली, ती इतकी जड झाली की त्याची बायको विनी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून ती दाराला लावून ठेवू लागली. माडाच्या लाकडाची केली, तर पहिल्याच गिऱ्हाइकाच्या बरगडीत लाकडाचं कुसळ गेलं आणि त्याने पैसे नकोत पण डॉक्टर द्या म्हणून फोन केला.

शिवाय त्याला एक खोड लागली होती. कुठलंही लाकूड दिसलं की तो बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायचा आणि कान लावायचा. लोकांच्या घरी गेला की आधी दारावर टकटक, मग टेबलावर, मग खाटेवर, आणि खाटेवर कुणी झोपलेलं असलं तरी. एकदा चर्चमध्ये त्याने कन्फेशन बॉक्सच्या जुन्या लाकडावर टकटक करून कान लावला, तर आतून फादरांचा आवाज आला, "बोल, काय पाप केलंस?" मार्सेलच्या तोंडून "फादर, सागवान आहे का हे?" एवढंच निघालं.

तर गेल्या वर्षी, पावसाळ्याच्या आधी, कार्मिनने माळा साफ करायला काढला होता. कार्मिन मूळची पाचूबंदरची, कोळ्यांच्या घरातली. एकदा झाडू हातात घेतला की समोर काय आलं ते बघायची नाही. नवऱ्याने, म्हणजे क्लेमेंटने, तिला बजावलं होतं, "माळ्यावर पप्पांचं सामान आहे, त्याला हात लावू नकोस." माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. कार्मिनने ट्रंकेला हात लावला नाही, नुसती फडक्याने पुसली. तिच्याखाली चादरीत गुंडाळलेल्या लांबलचक फळ्या होत्या, त्या तिने अडगळ म्हणून खाली ढकलल्या. मार्सेलने कुंपणावरून पाहिलं, आला, टकटक केलं, कान लावला, आणि त्याच्या अंगावर काटा आला. जुना, मुरलेला, मधासारखा फणस! त्याच संध्याकाळी फळ्या पंपाच्या खोलीत आल्या.

गिटारीच्या कुशीच्या, म्हणजे बाजूच्या, पट्ट्या ओल्या करून तापलेल्या पाइपवर वळवाव्या लागतात. फणस काही सहज वळेना. काही पट्ट्या तडकल्या, काही करपल्या. सगळं शिक्षण त्या फळ्यांवर झालं, आणि शेवटच्या फळीची ही गिटार झाली. दांडी पाचूबंदरला मोडीत काढलेल्या होडीच्या सागाची, तारांखालची घोडी चिंचेची, वरची फळी कुठल्याशा मशीनच्या खोक्यातल्या देवदाराची, आणि पाठ-कूस फणसाची. महिन्याभरापूर्वी त्याने तारा चढवल्या आणि पहिल्यांदा छेडल्या, तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या हातून गिटार झाली होती. विरारच्या फुलपाड्यातल्या उमंग नावाच्या एका पोराने ती ऐकली आणि जागच्या जागी ठरवली. उद्या-परवा तो न्यायला येणार होता.

"उरलेल्या फळ्या तरी असतील ना?" कार्मिनने आशेने विचारलं.

"उरलेल्या..." मार्सेलने मान खाली घातली. "त्यावर विनीने आंघोळीचं पाणी तापवलं."

"माझ्या सासऱ्यांच्या पेटीवर तुम्ही आंघोळी केल्यात?"

"थंडी होती गं. आणि एक तुकडा तुझ्याकडेच आहे. तो ट्रे, मी तुला दिलेला."

कार्मिनने कपाळाला हात लावला. त्या ट्रेमधून तिचे सासरे, बॅप्टिस्टकाका, रोज सकाळी चहा-पाव आणि रात्री पेज घेत होते.

मग तिने क्लेमेंटकडून कळलेली हकिकत सांगितली. बॅप्टिस्टकाकांच्या वाडीत एक फणस होता. बाईंची, म्हणजे काकांच्या बायकोची, त्या झाडावर भारी माया. वादळात झाड पडलं तेव्हा बाईंनी ते जळणाला जाऊ दिलं नाही; चिरून फळ्या केल्या आणि म्हणाल्या, अर्ध्या माझ्या पेटीला, अर्ध्या तुमच्या. बाई गेल्या, त्यांच्या अर्ध्या त्यांच्याबरोबर गेल्या. उरलेल्या अर्ध्या माळ्यावर.

"पण आता गावात बहुतेक जण पेटीशिवायच जातात की," मार्सेल म्हणाला. "पांढऱ्या कापडात. फादर पण तेच सांगतात, जागा कुठे उरलीय."

"मी पन तेच बोलले. तर क्लेमेंट म्हने, पप्पांनी मम्मीला शब्द दिलाय. रविवारी चर्चमधून आलो की मी स्वतः फळ्या खाली काढनार, आनि तोवर पप्पांसमोर या विषयावर चकार शब्द काढायचा नाय. बोलता बोलता रडले ओ. बँकेचा मॅनेजर मानूस, कधी रडत नाय." कार्मिनने हातातला झारा खाली ठेवला. "म्हाताऱ्याने आयुष्यात आमच्याकडे काय मागितलं नाय दादा. ही एकच गोष्ट. आनि ती मी भंगारासारखी देऊन टाकली."

बॅप्टिस्टकाकांनी मार्सेलला लहानपणी खांद्यावर बसवून फणस थापटायला शिकवलं होतं. पिकला असेल तर आवाज वेगळा, कच्चा असेल तर वेगळा. टकटक करून कान लावायची त्याची खोड आली होती ती तिथूनच. आणि आता त्याच काकांची पेटी त्यालाच बनवायची होती, तीही ज्या फळ्यांची त्याने गिटार करून ठेवली होती त्यांचीच. गिटार मोडून परत फळ्या जुळवल्या तरी, त्याने मनात हिशेब केला, फार तर काकांच्या चपला मावतील एवढी पेटी झाली असती.

"नवीन फळ्या ठेवू," तो म्हणाला.

"आनि ओळखलं तर?"

"मी ओळखू देणार नाही."

वखारीत जुना फणस मिळाला नाही. मिळाला आंबा, पांढुरका आणि ताजा. फणसाचं लाकूड पिवळं असतं आणि जुनं झालं की तांबूस होतं. तेव्हा मार्सेलने हिशेबाने चहाची पूड उकळली, त्यात हळद घातली आणि ब्रशने फळ्यांना पाजायला सुरुवात केली. आंबा तहानलेला होता. मार्सेलच्या घरातली हळद संपली, कार्मिनच्या घरातली संपली, मग दुकानातून आणली. फळ्या अंगणात वाळत घातल्या. कोंबड्या त्यावरून चालत गेल्या आणि पिवळे पाय घेऊन वाडीभर फिरल्या. मार्सेल कोपरापर्यंत पिवळा, कार्मिनच्या गालावर हळदीचे फराटे.

अशा वेळी रस्त्यावरून लतिका चालली होती. लतिका फुलांचा धंदा करते. गावातली लग्नं आणि साखरपुडे तिला घरच्यांच्या आधी कळतात.

"अय्या, हळद?" ती कुंपणाशी थांबली. "कुणाची ओ मार्सेलभाऊ? एलिसाची का?"

एलिसा म्हणजे मार्सेलची मुलगी, पुण्याला नोकरी करते. पेटीचं सांगता येत नव्हतं, आणि पाहुण्यांच्या जेवणासाठी मसाला करतोय असं सांगावं तर फळ्या समोर. मार्सेल नुसताच हसला. लतिकानेही हसून मान हलवली आणि भराभर पुढे गेली.

दुपारी विनी शाळेतून घरी आली तीच पदर खोचून.

"माझ्या मुलीचं लग्न ठरलं आणि मला ते स्टाफरूममध्ये कळतं?"

"अगं, लग्न नाही..."

"तीन बायकांनी मला मिठी मारली! मोगरा किती लागेल म्हणून लतिकाचा फोन! आणि हे काय, तू पिवळा का आहेस?"

मार्सेलने सगळं सांगितलं. विनीने शेवटपर्यंत ऐकलं. आंघोळीच्या पाण्याचा विषय आला तेव्हा तिने डोळे मिटून छातीवर क्रूस काढला.

"सरळ जाऊन खरं सांग त्यांना."

"सांगितलं आणि त्या धक्क्याने त्यांना काही झालं तर?"

"आणि नाही सांगितलं आणि काही झालं तर? आयुष्यभर त्या आंब्याच्या फळ्या उरावर घेऊन फिरशील?"

तेवढ्यात पुण्याहून एलिसाचा फोन आला. "डॅडी, मला काही प्रॉब्लेम नाही," ती शांतपणे म्हणाली, "फक्त मुलगा काय करतो तेवढं सांगा." तिची समजूत घालण्यात मार्सेलचा चहा थंड झाला. तिकडून थोडी नाराजीच ऐकू आल्यासारखी त्याला वाटली.

शनिवारी क्लेमेंट बँकेत गेल्यावर मार्सेल आणि कार्मिनने एकेक फळी मागच्या दाराने आत नेली. बॅप्टिस्टकाका खिडकीशी खाटेवर पडून होते. छातीत पाणी झालेलं, ते उतरलं होतं, पण आवाज अजून बारीकच होता.

"कोण रे तिकडे?"

"मी, मार्सेल."

"काय नेतोस?"

"केळीला टेकू, काका."

"घरातून?" काकांनी विचारलं. मार्सेल फळी घेऊन माळ्याकडे वळला. मागून काका म्हणाले, "एलिसाचं ठरलं म्हणे. बरं झालं पोरा. मला बघायला मिळतंय की नाय, देव जाणे."

मार्सेलला फळीसकट जमिनीत जावंसं वाटलं. माळ्यावर फळ्या नीट रचल्या, जुन्या चादरीत गुंडाळल्या, वर ट्रंक ठेवली. कार्मिनने झाडूने दुसऱ्या कोपऱ्यातली जाळी काढून त्यांच्यावर घालायचा प्रयत्न केला, पण ती तिच्याच केसांत अडकली. खाली उतरताना मार्सेलने उमंगला फोन लावला आणि सांगितलं, पॉलिश ओलं आहे, अजून आठवडाभर येऊ नकोस. उमंग म्हणाला, "ओके सर, नो टेन्शन." टेन्शन सगळं इकडेच होतं.

रविवारी चर्चमधून आल्यावर क्लेमेंटने कोट काढला, बाह्या सरसावल्या आणि गंभीर चेहऱ्याने फळ्या खाली आणल्या. ओटीवर त्या ओळीने मांडल्या. काकांना आरामखुर्चीत आणून बसवलं, पायावर शाल घातली. विनी आली होती. कार्मिनने हातात रोझरीची माळ धरली होती, पण तिचं लक्ष सगळं काकांच्या बोटांकडे होतं. शेजारच्या स्टुलावर तो ट्रे, ट्रेमध्ये वाफाळता चहा.

मार्सेल दाराशी उभा होता. काकांनी नुसती एक टिचकी मारायची खोटी, सगळं उघडं पडणार होतं. ज्याने टकटक शिकवली त्याला आंबा आणि फणस यातला फरक कळायला कितीसा वेळ?

पण काकांनी फळ्यांना हात लावला नाही. त्यांनी क्लेमेंटकडे पाहिलं. क्लेमेंटने डोळे पुसले.

"रडतोस कशाला? मी अजून हाय," काका म्हणाले. मग मार्सेलला म्हणाले, "इकडे ये. या फळ्या तुला."

"हो काका. पेटी मी... माप..."

"कसली पेटी?"

"तुमची पेटी, पप्पा," क्लेमेंट म्हणाला. "मम्मीला तुम्ही शब्द दिला होता."

"मी कुठे दिला? तिने घेतला." काकांनी दम खाल्ला. "अर्धं झाड तुझ्या आईबरोबर मातीत गेलं. तिची हौस होती, केली. आता उरलेलं अर्धं पण पुरायचं? मी आपला सगळ्यांसारखा कापडात जाईन, फादरला सांगितलंय मी कधीच. तुलाच सांगायचं राहिलं. तू असा लगेच रडतोस, म्हणून."

क्लेमेंटने रुमाल परत खिशात घातला.

"रोज दुपारी मी पडल्या पडल्या ऐकतो," काका पुढे म्हणाले. "हा तिकडे तारा जुळवतो. आधी काय ते भांडी आपटल्यासारखं वाजायचं. पण आता जी एक बनवलीस ना मार्सेल, ती वाजली की मला झोप लागते. हॉस्पिटलात झोप नाय आली, तेव्हा वाटलं, त्या पोराला फळ्या देऊन टाकाव्यात. माझ्या फणसाची पण तशीच एक बनव. तुझ्या काकूचं झाड, वाजू दे की वर."

मार्सेलचा जीव भांड्यात पडला. इतक्या जोरात पडला की त्याला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. पेटी नव्हतीच! फळ्या त्यालाच द्यायच्या होत्या! ज्या गिटारीचा आवाज काकांना हवा होता, ती त्यांच्याच फणसाची होती! आता फक्त या पिवळ्या फळ्या मुकाट्याने घरी न्यायच्या, दोन-तीन महिने थांबायचं आणि तीच गिटार आणून द्यायची. उमंगला काहीतरी सांगता आलं असतं. मार्सेलने कार्मिनकडे पाहिलं. कार्मिनने रोझरीच्या क्रुसाचा मुका घेतला. विनीने मात्र नवऱ्याकडे असं काही पाहिलं, की त्याने नजर वळवली.

"बनवतो काका," तो म्हणाला. "नक्की बनवतो. वेळ लागेल थोडा."

आणि तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली.

"सर! तुम्ही इथे आहात?" उमंग हेल्मेट काढत आत आला. त्याच्या हातात गिटार होती. "सॉरी हां, राहवलंच नाही. तुमच्या खोलीत जाऊन बघितलं, पॉलिश तर एकदम सुकलंय. बोललो, चला, विचारून घेऊनच जावी."

"ठेव ती जाग्यावर," मार्सेल कसाबसा म्हणाला.

"हीच का ती?" काका खुर्चीत पुढे सरकले. "वाजव रे पोरा."

उमंगला एवढंच हवं होतं. तो पायरीवर बसला आणि त्याने वाजवायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर मार्सेलला गिटार बनवता येते, वाजवता येत नाही. दोन-तीन सूर लावून तो थांबतो. आपली गिटार इतकी मोकळी बोलताना त्याने स्वतःही पहिल्यांदाच ऐकली. काही क्षण तो आपली अवस्था विसरला. ओटीवरच्या माणसांचे चेहरे सैल झाले. क्लेमेंटचे डोळे पुन्हा भरले. काका डोळे मिटून ऐकत होते.

"कसली आहे रे ही?" वाजवणं थांबल्यावर त्यांनी विचारलं.

मार्सेल तोंड उघडणार, तोच उमंग उत्साहाने म्हणाला, "फणसाची, अंकल! सर बोलले, इथल्याच बाजूच्या वाडीतल्या झाडाची आहे. असलं लाकूड पैसे देऊन मिळत नाही!"

कार्मिनने डोळे घट्ट मिटून घेतले.

काकांनी हात पुढे केला. उमंगने गिटार त्यांच्या मांडीवर उलटी ठेवली. त्यांनी पाठीवर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि कान लावला. बराच वेळ कान तिथेच होता. मग वाकून त्यांनी ओटीवरच्या फळीवर टकटक केलं, तिच्यावरून बोट फिरवलं, पिवळं झालेलं बोट नाकाशी नेलं आणि मार्सेलकडे पाहिलं.

"मार्सेल, फळ्या देऊन माझा चहा अजून थंड नाय झाला. तुझी गिटार झाली पण?"

"काका..."

"आणि या आंब्याला हळद का लावली? लग्न याचं हाय काय?"

आता मात्र मार्सेलने लपवलं नाही. सगळं सांगितलं: माळा, अडगळ, तडकलेल्या पट्ट्या, वखार, हळद. "मला माहीत नव्हतं काका. पण कळल्यावर तरी मी येऊन सांगायला हवं होतं. भीती वाटली. तुम्हाला काही झालं असतं तर मी स्वतःला माफ केलं नसतं."

"चूक माझी हाय पप्पा," कार्मिन रडत म्हणाली. "दादांना मी दिल्या. ट्रंक सांभाळली आनि फळ्या टाकल्या."

"पप्पांची पेटी भंगारात?" क्लेमेंट ताडकन उभा राहिला. "आणि मी सकाळपासून या आंब्याला मिठ्या मारून रडतोय?" त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाचा पुढचा भाग पिवळाधमक झाला होता.

काकांच्या छातीतून कसलासा आवाज आला. सगळे धावले. कार्मिनने पाणी आणलं, विनीने पाठ चोळली, उमंगने हेल्मेटनेच वारा घालायला घेतला. काकांनी हाताने सगळ्यांना बाजूला केलं. ते हसत होते. खोकत होते आणि हसत होते, आणि त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"बाकीच्या फळ्या कुठे गेल्या?" दम आल्यावर त्यांनी विचारलं.

मार्सेलने विनीकडे पाहिलं. विनी चर्चच्या मनोऱ्याकडे बघू लागली.

"जळणाला लागल्या, काका."

"आणि हा ट्रे?"

काकांनी कप बाजूला ठेवून ट्रे उचलला, टकटक केलं, कान लावला आणि मान डोलावली. मग कपातला चहा निवांतपणे पिऊन टाकला. "म्हणून एवढी गोड लागायची पेज," ते म्हणाले.

मार्सेलच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं उतरलं होतं, आणि ते उतरवताना काका त्याला एक शब्दही लावून बोलले नव्हते. त्याने वाकून त्यांचे हात धरले. त्याचे हातही पिवळे, काकांचेही पिवळे.

राहिला प्रश्न गिटारीचा. उमंगने एव्हाना सगळं समजून घेतलं होतं आणि तो गिटारीपासून थोडा लांब सरकला होता. "म्हणजे ही... अंकलची आहे," तो म्हणाला. "मी दुसरी घेतो सर. चिंचेची चालेल."

"ती दाराला लागते," विनी म्हणाली.

"ही तूच ने," काका म्हणाले. "घरात ठेवून वाजवणार कोण? याला तर येत नाय. फक्त एक अट. मला पुरायच्या दिवशी तू यायचं आणि ही वाजवायची. मग मी कापडात गेलो काय आणि पेटीत गेलो काय, माझं झाड माझ्याबरोबर असेल."

"शंभर टक्के, अंकल," उमंग भारावून म्हणाला आणि सवयीने त्याने मोबाइल काढला. "डेट काय टाकू?"

प्रश्न तोंडातून निघाल्यावर त्याला कळलं आणि तो कानापर्यंत लाल झाला. पण काका विचारात पडले होते. "ते कळवतो," ते म्हणाले आणि त्यांनी क्लेमेंटला उमंगचा नंबर लिहून घ्यायला लावला.

आंब्याच्या फळ्यांचं मार्सेलने ओटीवर ठेवायला बाकडं करून दिलं. त्याचा रंग अजूनही उतरतोच आहे. बसून उठलेला माणूस गावात कुठेही ओळखू येतो. लतिकाने मोगऱ्याचा विषय सोडला, पण एलिसाने सोडला नाही. एकदा गावात बातमी फिरलीच आहे तर म्हणून तिने पुण्याचा एक मुलगा आई-वडिलांना दाखवायला आणला. मुलगा चांगला निघाला. त्याने घरात शिरताना दारावर टकटक केलं, एवढ्यावरच मार्सेल खूश झाला.

आणि काही आठवड्यांनी, उमंग ऑफिसात असताना, त्याच्या मोबाइलवर क्लेमेंटचं नाव झळकलं. त्याने घाबरत फोन उचलला.

"बॅप्टिस्ट बोलतोय," पलीकडून खणखणीत आवाज आला.

"अंकल! तुम्ही? बरे आहात ना?"

"बरा हाय, म्हणून तर फोन केला. तारीख अजून ठरली नाय. पण रविवारी ये. रिहर्सल नको?"

तेव्हापासून रिहर्सल चालूच आहेत. रविवारी दुपारी उमंग पिवळ्या बाकड्यावर बसून वाजवतो, मार्सेल कुंपणाला टेकून ऐकतो, आणि काकांचा खुर्चीतच डोळा लागतो. मग कार्मिन स्वयंपाकघरातून हात पुसत येते, वाकून त्यांच्या नाकाशी बोट धरते आणि उमंगला खूण करते, चालू दे.